शेवटच्या रांगेलाही दिसू दे

पेपरात बाईंचा फोटो पाव पानभर आला होता, पण खालचा मजकूर वाचून रंगाऱ्याचं डोकं सणकलं. 'गौरवर्ण, तेजस्वी मुद्रा आणि खळाळतं हसू यांच्या जोरावर तीन पिढ्यांना वेड लावणारी...' इथवरच वाचून त्यानं पेपर टेबलावर आपटला. चहा हिंदकळून बशीत सांडला.

"गौरवर्ण म्हणे! ह्यांच्या बापानं पाहिला होता!"

"कोणाचा?" लेक केस बांधत बाहेर आली.

"बाईंचा. माणूस जाऊन एक रात्र झाली नाही, तोवर ह्यांनी रंग बदलून टाकला तिचा. बाई गोऱ्या कधी होत्या गं?"

सात वाजले होते. लेक रोजच्यासारखी खिडकीजवळच्या स्टुलावर बसली, मान वर केली आणि डोळे मिटले. रंगाऱ्यानं पत्र्याची डबी उघडली. दोन्ही डोळ्यांभोवती, मग गालांवर, मग ओठांच्या कडेनं, मग मानेवर जिथे तिचा हात नीट पोचत नाही तिथे, त्यानं बोटानं रंग बसवला, स्पंजानं कडा मोडल्या, वर पावडर दाबली. पंधरा मिनिटांत लेकीचा चेहरा एकसारखा सावळा झाला. शहात्तराव्या वर्षी चहाचा कप धरताना त्याचा हात थरथरायचा, पण हातात स्पंज आला की मुकाट्यानं कामाला लागायचा.

रंगारी हे काही त्याचं नाव नव्हे. नाटक कंपनीत त्यानं पन्नास वर्षं लोकांची तोंडं रंगवली, आणि हे नाव त्याला बाईंनी ठेवलं. पहिल्याच दिवशी त्यानं त्यांच्या गालावर जरा जाड थर चढवला, तेव्हा बाई आरशातून म्हणाल्या होत्या, "अरे रंगारी, माझा चेहरा आहे तो, भिंत नव्हे. बेतानं घे." सगळी खोली हसली आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे कंपनीच्या हजेरीपुस्तकातसुद्धा कोणीतरी तेच लिहून ठेवलं.

आणि बाई म्हणजे कोण? तर ज्यांच्यापुढे मालकसुद्धा खुर्चीत सावरून बसायचे, अशी बाई. राजाचं काम करणारा नट आजारी पडला, तेव्हा मिशा लावून तीन महिने राजा झाली. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी नायिका म्हणून उभी राहिली आणि "वय काय तुमचं?" असं विचारणाऱ्या पत्रकाराला "तुमच्या आईला विचारा, आम्ही एका वर्गात होतो," म्हणाली. लग्न केलं नाही. "का नाही केलंत?" असं भर सभेत कोणी विचारलं, तर म्हणाली, "तुम्ही विचारलं नाहीत म्हणून." रंगारी हे किस्से घरी येऊन बायकोला सांगायचा, तेव्हा त्याचे डोळे लहान पोरासारखे व्हायचे. बायको म्हणायची, "जेवा आता, बाई काही पळून जात नाहीत."

पण बाईंचा आणि त्याचा खरा धागा जुळला तो वेगळ्याच कारणानं.

लेक नऊ वर्षांची असताना तिच्या डोळ्याखाली पांढरा ठिपका आला. महिन्याभरात तो रुपयाएवढा झाला, मग दुसऱ्या डोळ्याकडे गेला. कोड. हा शब्द घरात कोणी मोठ्यानं उच्चारला नाही. डॉक्टर झाले, मलमं झाली, ज्यानं जे सांगितलं ते सगळं झालं. शाळेत पोरी हिच्या शेजारी बसेनात. एक दिवस ती दप्तर टाकून कपाटामागे जाऊन बसली ती संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. त्या संध्याकाळी रंगाऱ्यानं स्वयंपाकघरात पिवडी, काव, सफेदा आणि चिमूटभर काजळ घेऊन घोटायला सुरुवात केली. मेकअपच्या विकतच्या कुठल्याच कांडीचा रंग पोरीच्या कातडीला जुळत नव्हता. तेरा वेळा फसला, चौदाव्यांदा असा जुळला की बायकोला डाग शोधून दाखवावा लागला. "झाकली मूठ सव्वा लाखाची," तो बायकोला म्हणाला. त्या दिवसाएवढा अभिमान त्याला आपल्या कामाचा पुन्हा कधी वाटला नाही. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी सातला स्टूल, डबी आणि लेक.

वर्षभरानं एका दुपारी बाईंनी मेकअपच्या खोलीचं दार आतून लावून घेतलं आणि कपाळावरचे केस बाजूला केले. मधोमध पांढरा पट्टा होता.

"तुझ्या पोरीला लावतोस तो रंग मला लाव," त्या म्हणाल्या. "तुझ्या बायकोनं माझ्या शिंपिणीला सांगितलं, शिंपिणीनं मला. आता ही साखळी इथे थांबली पाहिजे."

थांबली. तीन वर्षं ते दोघांतच राहिलं. बाईंचा आणि लेकीचा वर्ण इतका सारखा, की एकाच घोटाईत दोन डबे भरत. बाई मधूनमधून म्हणायच्या, "एकदा पोरीला घेऊन ये की. बघू तरी माझ्या रंगाची कोण आहे ती." तो "आणतो, आणतो" म्हणायचा. आणली नाही. नाटकवाल्यांत चार डोळे जास्त असतात, कोणी टक लावून बघितलं तर काय घ्या, असा त्याचा हिशेब होता.

मग तो दुपारचा प्रयोग आला. दुसऱ्या अंकानंतर बाई म्हणाल्या, "रंगारी, दोन चहा आण, एक तुलाही." चहा आणायला तो कधी जात नसे, पण बाईंनी सांगितलं म्हणून गेला. परत आला तर बेसिनमध्ये तपकिरी पाणी फिरत होतं आणि बाई टॉवेलनं तोंड पुसत होत्या. कपाळावरचा पट्टा, उजव्या डोळ्याभोवतीचं वर्तुळ, ओठांच्या डाव्या कोपऱ्यातला पसरट डाग, सगळं उघडं.

त्यानं पायानंच खुर्ची पुढे सरकवली. "बाई, पाच मिनिटं आहेत, बसा, मी लावतो."

"हात लावायचा नाही." त्या टॉवेल घडी करून ठेवत म्हणाल्या. "कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही रे. तीन वर्षं झाकलं. आता कंटाळा आला."

आणि गेल्या. कप हातात तसेच धरून तो मागे धावला आणि पडद्याच्या आड उभा राहिला. बाई दिव्यांत गेल्या. आधी कोणाच्या लक्षातच आलं नाही. मग पहिल्या रांगेतून कुजबूज उठली आणि मागे मागे सरकत गेली. एक गृहस्थ बायकोमुलांना उठवून घेऊन निघाले. नायकाचं काम करणाऱ्याला याच प्रवेशात म्हणायचं होतं, 'तुझ्या चेहऱ्यावर एवढासाही डाग नाही.' तो बिचारा तोंड उघडून थांबला. थांबलाच.

शेवटी त्यानं पुटपुटत ते वाक्य म्हटलं. बाई दोन पावलं पुढे आल्या, चेहरा त्याच्या अगदी जवळ नेला आणि म्हणाल्या, "नीट बघून बोला."

हे वाक्य नाटकात नव्हतं. क्षणभर काहीच झालं नाही. मग मागून कुठूनतरी एक बाई खदखदून हसली, तिच्या शेजारची हसली, आणि टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. रंगाऱ्याच्या हातातले दोन्ही कप सांडले होते, बूट भिजले होते, त्याला पत्ता नव्हता. माणसाच्या अंगात एवढं बळ कुठून येतं, हा प्रश्न त्याला त्या दिवशी पडला आणि पुढे तेहेतीस वर्षं सुटला नाही.

टाळ्यांनी पोट भरत नाही, हेही खरं. मॅनेजर तावातावानं आला आणि म्हणाला, "उद्या रंग लावायचा, नाहीतर दुसरी बघतो." बाईंनी दुसरी बघायला सांगितलं. वर्षभर घरी बसल्या. मग स्वतःचा एकपात्री कार्यक्रम काढला आणि पहिला निरोप रंगाऱ्याला धाडला. तो गोंधळला.

"बाई, आता माझं काय काम? तुम्ही तर काहीच लावणार नाही."

"तेच तर काम आहे. काल हॉलमध्ये शेवटच्या रांगेत जाऊन बसले होते. तिथून तोंडावरचं काही दिसत नाही, दिवे सगळं सपाट करतात. पहिल्या रांगेला दिसतं, मागच्याला नाही. शेवटच्या रांगेतल्या माणसानं काय पाप केलंय? त्यालाही दिसू दे."

तेव्हापासून उलटी गंगा सुरू झाली. आयुष्यभर डाग लपवणारा हा माणूस आता प्रत्येक डागाच्या कडेनं गडद रेघ ओढायचा, आतलं पांढरं सफेद्यानं उजळायचा, आणि मग हॉलच्या टोकाला जाऊन डोळे बारीक करून बघायचा. डाग वाढले तशा रेघा सरकल्या. पुढच्या वर्षी हनुवटी पांढरी झाली, मग कान, मग गाल. बाईंच्या चेहऱ्याचा नकाशा त्याच्याएवढा कोणालाच पाठ नव्हता. आणि असं करता करता एक दिवस रेघ ओढायला जागाच उरली नाही. सावळं सगळं संपलं, बाई नखशिखान्त पांढऱ्या झाल्या. नव्या पिढीनं त्यांना तसंच पाहिलं आणि समजली की बाई जन्माच्या गोऱ्या. बाई हसून म्हणायच्या, "बघ रंगारी, कशी जिरवली माझी!" पण हसून झाल्यावर आरशाकडे पाठ करून बसायच्या, ते त्याला दिसायचं.

असं सगळं असल्यावर त्यानं तो पेपर का आपटला नसता?

साडेसातला बाईंच्या भाच्याचा फोन आला. "काका, मावशीला नाट्यगृहात आणलंय. नऊला दारं उघडायची आहेत, बाहेर आत्ताच रांग लागलीये. तुम्ही येऊन जरा बघता का? फार काही नको. रंग छानच आहे तिचा, थोडी पावडर मारली की झालं."

"येतो," एवढंच तो म्हणाला. लेक पोस्टात काउंटरवर असायची; तिनं फोन करून आपल्या जागी दुसऱ्याला बसवलं. कमरेचं हाड मोडल्यापासून तो एकटा कुठे जात नसे.

नाट्यगृहाच्या दालनात बाईंना उंच मंचावर ठेवलं होतं. पांढरी चादर, पांढरी फुलं, आणि त्यात पांढरा चेहरा. किती शांत, किती सोज्ज्वळ, असं कोणीही म्हणालं असतं. सोज्ज्वळ! ज्या बाईनं आयुष्यात कोणाला आपल्याकडे निवांत बघू दिलं नाही, ती आता फुलांत मिसळून गेली होती. आता हजारो माणसं येऊन गोरी बाई बघून जाणार, उद्याच्या पेपरात तेच फोटो येणार, आणि त्या दुपारी जे घडलं ते कोणाच्या चेहऱ्यावर घडलं होतं हेच पुसलं जाणार.

त्यानं भाच्याला बाहेर पाठवलं. "अर्धा तास द्या मला. कोणी आत नको."

पिशवी उघडली. जुन्या कांड्या दगड झाल्या होत्या. चालता रंग एकच होता, रविवारी लेकीसाठी घोटलेला. त्यानं लेकीकडे पाहिलं. तिनं काही न विचारता डबी पुढे केली.

गार कातडी रंग धरत नाही. त्यानं रंग मनगटावर घेऊन घोळवला, ऊब दिली आणि मग गालावर ठेवला. जिथे सावळं होतं तिथे सावळं परत आणायचं, आणि जे पांढरं होतं ते तसंच सोडायचं. आयुष्यात असं काम त्यानं कधी केलं नव्हतं. गाल भरले. नाक भरलं. उजव्या डोळ्याभोवतीचं वर्तुळ सोडलं, ओठांच्या कोपऱ्यातला डाग सोडला, कपाळावरचा पट्टा दोन्ही बाजूंनी रंग येताच आपोआप उमटला. त्या दुपारच्या बाई हळूहळू परत येत होत्या. रंगाऱ्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तो ते बाहीनं पुसत काम करत होता.

"हनुवटी सोडू नका, बाबा," मागून लेक म्हणाली.

"हं?"

"हनुवटी भरा. त्या दिवशी ती सावळी होती. आणि पट्टा इतका खाली नव्हता, भुवयांच्या वर दोन बोटं थांबत होता."

त्याचा हात थांबला. बरोबर होतं. हनुवटी नंतर पांढरी झाली होती, तो दोन वर्षांचे नकाशे एकमेकांत मिसळत होता. पण हे हिला कसं ठाऊक? त्यानं हनुवटी भरली, पट्टा आखूड केला, आणि तोंड उघडणार इतक्यात दार ढकलून भाचा आत आला.

"काका! हे काय केलंत?" त्याचा चेहरा उतरला. "पुसा, पुसा आधी. बाहेर कॅमेरे आहेत. लोक काय म्हणतील? ती गेली तेव्हा अशी नव्हती."

"ती होती ती अशी होती," रंगारी म्हणाला.

"तुम्ही पुसता की नाही?"

रंगाऱ्याच्या हाती काही बळ उरलं नव्हतं. नातेवाईक शेवटी नातेवाईक, आपण कोण? तो स्पंजाकडे वळला. पण स्पंज लेकीनं आधीच उचलला होता. तिनं तो पाण्यात बुडवला, पिळला आणि भाच्यासमोर धरला.

"तुम्हाला पुसायचं असेल तर तुम्ही पुसा," ती म्हणाली. "मावशी तुमची आहे."

भाच्यानं स्पंज घेतला. दोन पावलं मंचाकडे गेला. बाईंच्या चेहऱ्याकडे बघत उभा राहिला. मग त्याचा हात खाली आला. "लहानपणी मी हिच्या ह्याच चेहऱ्याला घाबरायचो," तो कोणाकडेच न बघता म्हणाला, आणि स्पंज टेबलावर ठेवून दार उघडायला गेला.

लोक आत येऊ लागले. तरुण पोरं थबकायची, एकमेकांकडे बघायची. म्हातारे मात्र ओळखायचे. एक आजी काठी टेकत आल्या, बघितलं आणि तिथेच मोठ्यानं हसल्या, हसता हसता रडल्या. रांग अडली, पण त्यांना कोणी पुढे ढकललं नाही.

रंगारी भिंतीशी खुर्चीवर बसला होता. लेक बाजूला उभी.

"तू होतीस त्या दिवशी?"

"तुमचा चष्मा घरी राहिला होता. आईनं द्यायला पाठवलं. पडदा ओढणाऱ्या काकांनी मला दोरांपाशी उभं केलं. तुम्ही समोरच्या पडद्याआड होता, दोन कप घेऊन."

"मग कधी बोलली नाहीस?"

लेकीनं रांगेकडे बघतच सांगितलं, "दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टुलावर बसले. मला वाटलं, आज बाबा डबी काढणार नाहीत. काल एवढं सगळं बघितलं त्यांनी, आज काढणार नाहीत. तुम्ही काढलीत. आणि रंग लावताना गुणगुणत होतात, बाबा. इतक्या खुशीत होतात."

ज्या बाईनं तोंड धुतलं तिचं कौतुक रंगाऱ्यानं तेहेतीस वर्षं घरीदारी सांगितलं, आणि घरात समोर बसलेल्या पोरीला एकदाही विचारलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तेरा वर्षांची पोर मान वर करून, डोळे मिटून, गप्प बसली होती. आणि आज तिनंच त्याला बाईंचा चेहरा दुरुस्त करून दिला होता, बोटभर चूक न करता. तो मान वळवून तिच्याकडे बघत राहिला. पोस्टातली ही आपली साधी लेक, तिच्यात हे सगळं इतकी वर्षं कुठे मावलं होतं?

"तुमच्यावर राग नाही माझा," ती म्हणाली. "होता. आता नाही."

घरी आल्यावर त्यानं पिशवीतून डबी काढून बघितली. ती जवळजवळ रिकामी होती. संध्याकाळी त्यानं पिवडी, काव, सफेदा काढून नवा रंग घोटला, कारण दुसरं काय करावं ते त्याला सुचलं नाही. लेक भाजी चिरता चिरता त्याच्याकडे बघत होती.

सकाळी सातला ती स्टुलावर येऊन बसली. खिडकीतून ऊन तिच्या चेहऱ्यावर पडलं होतं. डोळ्यांभोवतीचा पांढरा रंग आता गालांपर्यंत उतरला होता. रोज त्यावरच काम करणाऱ्या रंगाऱ्यानं तो असा, काम म्हणून नव्हे, बहुधा पहिल्यांदाच पाहिला. तिनं सवयीनं मान वर केली आणि डोळे मिटले.

त्यानं डबी हातात घेतली. झाकण उघडलं नाही.

"लावू का गं?" त्यानं विचारलं.

लेकीनं डोळे उघडले. खाली रस्त्यावर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"आज लावा," ती म्हणाली. "पण उद्याही विचारा."